पाटणकरांचं मागचं दार

मिश्राजींनी कंपासचं टोक नियोजित बस स्टेशनवर रोवलं आणि सफाईदार वर्तुळ काढलं. ते बनारसच्या एका सरकारी कार्यालयात असिस्टंट इंजिनिअर. म्हणाले, "मैडम, ये दस मिनट का एरिया हो गया."

मी पुण्यात रिटायर झालेली टाउन प्लॅनर, या इंजिनिअरांना ट्रेनिंग द्यायला आलेली. ट्रेनिंगचा विषय होता ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट. म्हणजे स्टेशनाभोवती वस्ती अशी आखायची की लोकांना घरून चालत स्टेशन गाठता यावं. त्यासाठी दहा मिनिटांत माणूस कुठवर चालतो ते आधी बघतात.

मी मिश्राजींचं वर्तुळ खोडायला लावलं. माणूस भिंतीतून चालत नाही, गल्लीतून चालतो. गल्ल्या मोजा, असं मी जरा ठसक्यातच सांगितलं. मग लाल पेन घेऊन स्टेशनपासून ब्रह्माघाटापर्यंतची वाट स्वतःच काढून दाखवली. शेजारच्याच दुर्गाघाटावरच्या मराठी वस्तीत लहानाची मोठी झालेली मी, मला कोण काय शिकवणार? बरोबर दहा मिनिटं भरली. वर्गाने माना डोलावल्या.

मिश्राजींनी लगेच पुढचं गणित मांडलं. ब्रह्माघाट चालण्याच्या अंतरात आला, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या ई-रिक्षांचा स्टँड हलवता येईल. तसं त्यांनी ड्राफ्टमध्ये लिहिलं. हा ड्राफ्ट नुसता वर्गातला नव्हता, दोन दिवसांनी वरच्या साहेबांपुढे जायचा होता.

संध्याकाळी सिंधूकाकूंकडे जेवायला गेले. काकू आईच्या मैत्रीण, शाळेतून रिटायर झालेल्या, ब्रह्माघाटावर एकट्या राहतात. गुडघ्यांसाठी आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जातात, त्याच स्टँडवरच्या रिक्षाने. मी कौतुकाने माझा नकाशा सांगितला. त्या भाकरी थापता थापता थांबल्या.

"दहा मिनिटं? कुठून गं?"

मी वाट सांगितली. भैरवनाथाकडून डावीकडे, मग पाटणकरांकडून.

"पाटणकरांकडून म्हणजे त्यांच्या घरातून?"

आमच्या लहानपणी तिथल्या कित्येक घरांना दोन दारं असत. एक या गल्लीत, एक मागच्या. दोन्ही दिवसभर उघडी. आम्ही मुली पाटणकरांच्या पुढच्या दाराने शिरायचो, अंगणातल्या पापडांच्या वाळवणाला वळसा घालायचो आणि मागच्या दाराने बाहेर. पाटणकर गुरुजी मुलांना वेदाची संथा देत असले की चपला हातात घ्यायच्या, एवढीच अट. कुणी कधी अडवलं नाही. ती वाट सार्वजनिक नाही हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. चाळीस वर्षं नकाशे काढून मी कुणाच्या तरी घरातून रस्ता नेला होता.

काकू म्हणाल्या, "तो दरवाजा तर कधीचा बंद आहे. मकान विकलं त्यांनी. आता गेस्ट हाऊस आहे तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्राजींना बोलावलं. आम्ही तिघं काकूंच्या घरापासून स्टेशनच्या जागेकडे निघालो. मागच्या दारावर कुलूप होतं, वर कॅमेरा. मी कडीला हात लावून पाहिला. आत वाळवण नसणार, संथाही नसणार, हे ठाऊक असून वाईट वाटायचं ते वाटलंच. मग लांबच्या गल्लीने, पायऱ्या उतरत आणि चढत निघालो. वाटेत एक सांड आडवा उभा, तो हलेपर्यंत थांबलो. काकू दोनदा ओट्यावर टेकल्या. दहा मिनिटं झाली तेव्हा आम्ही जेमतेम ई-रिक्षांच्या स्टँडपाशी पोचलो होतो. स्टेशन अजून दिसतही नव्हतं.

काकू मिश्राजींना म्हणाल्या, "भैया, यहाँ से आगे हम पैदल नहीं जा पाएँगे."

मिश्राजींनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. "मैडम, आपका लाल लाइन?"

"गलत है," मी म्हटलं. "मेरे बचपन का है."

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. वर्गात परत गेल्यावर सगळ्यांसमोर मी ती रेघ खोडली. मिश्राजींनी स्टँड हलवायचं वाक्य काढून टाकलं आणि ड्राफ्ट त्या वाक्याविना वर गेला. मंजूरही झाला. काकू अजून त्याच स्टँडवरून रिक्षा करतात.

आता प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मी पहिला नियम हाच सांगते. ज्या गल्लीत आपण वाढलो, तिचा नकाशा दुसऱ्याला काढू द्यावा.