बाळापूरची छत्री

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. पोटच्या पोरीलाही नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

माझी बायको सुमन बाळापूरची. तिथं दोन नद्यांच्या मधोमध किल्ला आहे, आणि नदीकाठी छत्री — म्हणजे दगडी कमानींचा मोठा मंडप म्हणा ना. तिचं सगळं लहानपण त्या कमानींत खेळण्यात गेलं. पुढं आई-वडील गेले, भावानं घर विकलं. माहेर म्हणून तिला उरली ती एवढी छत्रीच.

आम्ही अकोल्यात, जठारपेठेत. बाळापूर असं किती लांब? पाऊण तास. पण पोरीच्या लग्नात मानपानावरून माझं तिच्या भावाशी वाजलं, आणि मी पडलो हेकट. त्या गावात पाय ठेवणार नाही, असं सगळ्यांदेखत बोलून बसलो होतो.

एका रविवारी ती म्हणाली, "अवो, मले एकडाव छत्री पाहाची हाय."

सरळ नाही म्हणायची तरी हिंमत असावी ना माणसात? नव्हती. संध्याकाळी मी बाजारातून छत्री घेऊन आलो — पावसाची! काळी, लाकडी मुठीची. तिच्या हातात दिली अन् म्हणालो, घे, पाहा.

ती बघतच राहिली. मग हसत सुटली. गल्लीभर सांगत फिरली, आमचे हे म्हणजे अगदी भोळे सांब, काय मागितलं अन् काय आणलं! मीही हसलो. भोळा म्हणवून घ्यायला काय लागतं? त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. का काढला नसेल — मी विचारलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी ती दवाखान्यात होती. उठून बसणंही होत नव्हतं. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाली, "खरं सांगा, तुमाले तवा समजलंच नव्हतं ना?"

"नाही गं," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरला. "मंग ठीक हाय. मले उगाच वाटे."

आता मी दर पंधरा दिवसांनी बाळापूरला जातो. कमानीखाली बसतो. ती नेमकी कुठं बसायची, कुठून नदीत उतरायची, हे दाखवायला कोणी नाही. ती शेजारी असावी असं इतकं वाटतं, इतकं — जाऊ द्या.

मला समजलं होतं. ती बोलली तेव्हाच समजलं होतं.