सहादूने कापलेला दोर

सहादू पगारेला नाही म्हणता येत नसे. म्हणजे शब्द माहीत होता. तो तोंडाशी यायचा, तिथे जरा घुटमळायचा आणि 'न्या की' होऊन बाहेर पडायचा. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची सायकल कायम दुसऱ्याच कुणाच्या तरी बुडाखाली असायची आणि हा गृहस्थ डबा हातात घेऊन कचेरीत पायी. शिडी त्याची, फवारणीचा पंप त्याचा, लग्नकार्यातली मोठी पातेली त्याची. पण घरी बघायला गेलात तर भिंतीवर नुसत्या खुंट्या.

त्याची बायको विमलाबाई फटकळ. एकदा मला म्हणाली, "भाऊजी, हे मला बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी विचारलं, मुलगी पसंत हाय का. हे हो म्हणाले. इतकी वर्षं झाली, दोन पोरं झाली, पण मी खरंच पसंत होते, का यांना नाही म्हणता आलं नाही, ते काय मला अजून कळलं नाही."

सहादू समोरच बसला होता. लाजून हसला. तेव्हाही त्याने काही नाकारलं नाही.

अशा माणसाचं आणि डोंगराचं कसं जमलं, असं तुम्ही विचाराल. तसंच जमलं. सत्तर-बाहत्तरच्या सुमाराला फारुख तांबोळी त्याला म्हणाला, "चल रे रविवारी अंजनेरीला," आणि सहादूला नाही म्हणता आलं नाही.

हा फारुख वडाळा नाक्याजवळ गाड्यांचे पाटे दुरुस्त करायचा. हात लोखंडाचे आणि डोकं कातळाचं. ट्रकचा पाटा तुटला की त्याच्या तुकड्यापासून तो कातळाच्या भेगेत ठोकायच्या मेखा बनवी. त्याची आई जैतुनबी शेजारणींना सांगायची, "निकाह का नाम लो तो इस के पेट में दुखता है. पत्थर का नाम लो तो अंधेरे में उठ के बैठता है." फारुखचं लग्न का लांबलं याची मला दुसरीही एक हकीगत माहीत आहे; पण ती बाई आता नातवंडं खेळवतेय, राहू दे.

तर आमची पाच-सहा जणांची टोळी जमली. त्या काळी डोंगरावर जाणारा म्हणजे एक तर गुराखी नाही तर वेडा. त्र्यंबकच्या एसटीत आमचा दोर, पातेलं आणि स्टोव्ह बघून कंडक्टर विचारायचा, "लग्नाला निघालात का मयताला?" मी सुळक्यावर चढणाऱ्यांतला नव्हे. गड-किल्ले पायी करीन. पण सरळ उभा कातळ आला की मी खाली बसून कांदा चिरणार. टोळीला असा एक माणूस लागतोच. वरून उतरणाऱ्याला आधी चहा लागतो, मग कौतुक.

खाली बसून माणसं मात्र फार बघायला मिळतात. पहिल्या माचीवरच सगळं पाणी पिऊन टाकणारा मी बघितलाय. कोरे बूट घालून येणारा आणि दुपारी ते गळ्यात अडकवून अनवाणी उतरणारा बघितलाय. बूट घेतले की आधी महिनाभर बाजाराला घालून जा, कातळावर त्यांची मुंज करू नका. पाठपिशवी भरून झाली की ती घेऊन तीन मजले चढून उतरा. तिसऱ्या मजल्यावर जे फेकून द्यावंसं वाटेल ते घरीच ठेवा. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घाला, त्याची चेष्टा आपोआप थांबते. आणि परत कधी फिरायचं ते पायथ्याला ठरवा. वर पोचलेल्या माणसाला अक्कल नसते, नुसता आनंद असतो.

दोराची गोष्ट वेगळी. दोर आम्ही वर्गणी काढून मुंबईहून आणलेला, नायलॉनचा, पांढरा, निळा धागा विणलेला. तो कुणाकडे ठेवायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही. सहादू तो साध्या पाण्यात बुडवून काढी, सावलीत वाळवी, वेटोळी घालून विमलाबाईच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत ठेवी आणि खुंटीला लावी. दोरावर कुणी पाय दिला तर या मवाळ माणसाचे डोळे बदलायचे. प्रत्येक चढाईआधी तो डोळे मिटून अख्खा दोर बोटांतून सरकवायचा. "पोरांना कधी इतकं न्हाऊमाखू घातलं नाही बाई," असं विमलाबाईचं म्हणणं.

कारणही होतं. फारुख वर चढायचा आणि खालून दोर धरायचा सहादू, स्वतःच्या कमरेभोवती घेऊन. वरच्याचा हात निसटला तर मधे फक्त तो दोर आणि सहादूची कंबर. एकदा फारुख खरंच निसटला होता. सहादूच्या पाठीची सालटी निघाली, पण दोर सुटला नाही. कचेरीत विचारलं तर म्हणाला, जिन्यावरून पडलो.

आता वरवंट्याचं सांगतो. त्र्यंबकच्या पलीकडे, मुख्य डोंगरापासून सुटा उभा असलेला एक सुळका. पाट्यावर वरवंटा उभा करून ठेवावा तसा, म्हणून आमच्यात त्याचं नाव वरवंटा. त्यावर तोवर कुणी चढलेलं नव्हतं. फारुखने दोन हिवाळे त्याच्या पायथ्याशी काढले. कुठली भेग कुठे संपते, सकाळी ऊन कुठे येतं, मधमाश्यांचं पोळं कुठे आहे, सगळं पाठ. मग एकोणऐंशीच्या सुरुवातीला बातमी आली की मुंबईची पोरं पुढच्या महिन्यात वरवंट्यावर येणार आहेत. फारुखची झोप उडाली. "नाना, हा दगड मी बघितलाय, माझा आहे तो," तो मला म्हणाला. दगड कुणाचाच नसतो हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण आयुष्यात एखादी गोष्ट आपण पहिल्यांदा करावी, असं पाटे ठोकणाऱ्याला वाटू नये का? येत्या रविवारी जायचं ठरलं.

आणि त्याच आठवड्यात नवसाबाई सहादूच्या दारात आली.

नवसाबाई म्हणजे त्यांच्या कॉलनीतल्या महिला मंडळाची अध्यक्ष. आवाज असा की लाउडस्पीकरचं भाडं वाचायचं. तिच्या भावाची निफाडकडे द्राक्षबाग. विहिरीतली मोटर निखळून तळाला गेलेली, मणी फुगायची ऐन वेळ आणि बागेला पाणी नाही.

"सहादू, तुझा तो पांढरा दोर दे. भाऊ रडकुंडीला आलाय."

"मावशी, तो चढायचा दोर आहे..."

"मग मोटर वर चढवायचीच हाय की! दोर काय झिजतो व्हय?"

सहादूने विमलाबाईकडे बघितलं. विमलाबाईने मान जोरात हलवली, नाही म्हणून. सहादू म्हणाला, "न्या की."

शनिवारी संध्याकाळी दोर परत आला. आपल्याकडे मागून नेलेली वस्तू कुणी रिकामी आणि मळकी परत करत नाही, आणि नवसाबाई तर रीतभातीची पक्की. तिने दोर सोड्यात भिजवून चांगला चोळून धुतला होता. पत्र्यावर कडक उन्हात वाळवला होता. वर द्राक्षांची पिशवी. दोर इतका शुभ्र दिसत होता की निळा धागा फिका पडला होता. घासल्याचे, ओढल्याचे, चिखलाचे काही डाग असतील तर ते सगळे त्या माउलीने मायेनं धुऊन टाकले होते.

रविवारी आम्ही द्राक्षं खात खात वरवंट्याच्या पायथ्याला पोचलो. किंचित आंबट होती. मीच सगळ्यांत जास्त खाल्ली आणि 'सहादू, आज फारच उदार झालास' म्हणून त्याला चिडवलंही. तो हसला नाही.

फारुखने मेखांची पिशवी कमरेला लावली, थोडा पुढे जाऊन पहिली भेग हातानं चाचपायला लागला. इकडे सहादूने दोर सोडला. डोळे मिटले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून नेला. मग उलटा नेला. मग तिसऱ्यांदा. मी कांदा चिरता चिरता बघत होतो.

"काय रे, जपमाळ ओढतोस का?"

तो म्हणाला, "नाना, तो सुरा द्या जरा."

मला वाटलं, पिशवीचं तोंड कापायचं असेल. दिला. त्याने दोराचा मध्य मांडीवर घेतला आणि सुरा चालवायला लागला. नायलॉन सहज कापला जात नाही; करवतल्यासारखा आवाज येत होता. काय चाललंय ते कळेपर्यंत दोराचे दोन तुकडे झाले होते. मग तो त्यांतल्या एकाचा मध्य शोधायला लागला.

फारुख धावत आला. "अबे, ये क्या किया तूने?"

"नवसाबाईच्या भावाच्या विहिरीत गेला होता दोर. मोटर काढायला."

"कहाँ टूटा है? दाखव मला."

"कुठं तुटलेला नाही."

"मग?"

"तीनदा बघितला. काही सापडत नाही."

"अरे, सापडत नाही म्हणजे चांगला आहे ना!"

"काठाच्या दगडावर घासला का, ओझ्याला हिसका बसला का, सोड्यानं काय झालं, काहीच माहीत नाही मला. माहीत नसलेल्या दोरावर तुला कसं सोडू?"

फारुखने कापलेलं टोक हातात घेतलं. मग हळू म्हणाला, "मुँह से बोलना था ना. काटा क्यूँ?"

सहादूने सुरा खाली ठेवला. "तोंडानं बोललो असतो तर तू म्हणाला असतास, एकदा बघू. परत म्हणाला असतास. आणि मग मी..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती. आम्ही सगळेच त्याला ओळखत होतो.

परतीच्या एसटीत फारुख पुढे बसला, सहादू मागे. पुढच्या महिन्यात मुंबईची पोरं आली, वरवंट्यावर चढली, त्यांचे फोटो छापून आले. फारुखने सहादूशी बोलणं टाकलं. मेखा गॅरेजमध्ये गंजत पडल्या. मी दोघांकडेही जायचो, इकडचं तिकडे करायचो, माझा तो स्वभावच आहे. फारुखला सांगायचं, सहादू वाळलाय. सहादूला सांगायचं, फारुख जाड झालाय. दोघंही ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, अजून काय म्हणत होता?

दोराचे तुकडे कॉलनीत गेले. कुणी मागितले आणि सहादूने दिले, सांगायला नकोच. एक माझ्याकडे आला. त्यावर आम्ही पुढे कित्येक वर्षं कपडे वाळत घातले, भिजलेल्या गोधड्यासुद्धा. तुटला नाही. हे मी एकदा फारुखला सांगितलं. जरा खोडी काढायचीच होती. वाटलं, चिडेल, म्हणेल, बघा, चांगला होता दोर. त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "गोधडी वरून पडत नाही, नाना."

तो दोर टिकला असता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. मला वाटतं, तेच सगळ्यांत अवघड होतं. सहादूने दोर कापला आणि तुटला असता हे सिद्ध झालं असतं, तर आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. काहीच सिद्ध झालं नाही. मित्र जिवंत आहे, एवढंच. आणि जिवंत माणूस तुमच्याशी अबोला धरू शकतो. डोंगरात शहाणपणाने वागलात तर बहुतेक वेळा त्याचा पुरावा मिळत नाही. नुसतं घरी येऊन जेवायला मिळतं.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी सहादूकडे चहाला बसलो होतो. दारात फारुख. हातात नवा दोर, लाल. आत आला, दोर खाटेवर ठेवला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "खुंटी रिकामी आहे ना?"

"आहे," सहादू म्हणाला.

विमलाबाई आत चहाचं आधण वाढवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "पिशवी धुऊन ठेवलीये मी, आजवर कुणाला दिली नाही!"

त्या हिवाळ्यात दोघं वरवंट्यावर जाऊन आले. पहिले नाहीत, चौथे असतील, पाचवे असतील. वरून फारुखने हाक मारली ती मला खाली ऐकू आली. काय म्हणाला ते सांगण्यासारखं नाही, शिवी होती, पण प्रेमाची.

आणि मग एप्रिल आला. कॉलनीत जयंतीची धामधूम. आम्ही तिघं सहादूच्या ओट्यावर बसलेलो, तेवढ्यात नवसाबाई आली.

"सहादू, यंदा मंडप मोठा हाय. मधला खांब उभा करायला तुझा तो लाल दोर दे. जयंतीचं काम हाय, नाय म्हनू नको."

मी फारुखकडे बघितलं. फारुखने कप बशीत ठेवला आणि रस्त्याकडे तोंड केलं. काही बोलायचं नाही असं ठरवूनच बसला होता तो. आत भांड्यांचा आवाजही थांबला.

सहादूच्या कपाळावर घाम आला. खोटं सांगत नाही, कातळावर मी त्याला कधी इतकं घामाघूम बघितलं नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मावशी, शिडी न्या. पातेली न्या. खांब उभा करायला मी स्वतः येतो, काथ्याचा दोर विकत आणून देतो."

"आनि हा?"

"हा नाही."

नवसाबाई बघतच राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "बरं बाबा, शिडी दे," आणि आत जाऊन विमलाबाईला विचारलं, ह्याची तब्येत बरी हाय ना.

फारुख अजून रस्त्याकडेच बघत होता. त्याने कप उचलला. चहा केव्हाच थंड झाला होता. पण त्याने तो शेवटपर्यंत प्यायला, उठला आणि सहादूच्या पाठीवर, जिथे पूर्वी दोराने सालटी काढली होती बरोबर तिथे, एक धपाटा घालून शिडी उचलायला गेला.