मौन सुटलं तेव्हा

बायकोच्या उत्तरकार्यासाठी आज मांडववाल्यानं सतरंज्या आणून टाकल्या. त्यांचा तो कोंदट, धुळीचा वास आला आणि शाहूपुरीतला एक जुना हॉल आठवला.

आमची पोरगी तापानं गेली, त्या वर्षीचं हे. जिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, ती बायको बोलायचीच बंद झाली होती. कुणी सुचवलं म्हणून बौद्ध ध्यानाच्या एक दिवसाच्या शिबिराला तिला घेऊन गेलो. दिवसभर मौन धरायचं आणि आपल्या श्वासाकडे बघत बसायचं. मला मात्र पोरीची धापच ऐकू येत होती.

संध्याकाळी घंटा वाजली. "मौन सुटलं," भंतेजी म्हणाले आणि हॉल दणाणला. कोल्हापूरची माणसं, दिवसभर तोंड मिटून बसलेली! शेजारच्या मावशींनी बायकोला हलवलं, "अगं, सुटलं न्हवं मौन? बोल की आता!"

ती नुसती हसली. मला वाटलं, गुण आला. पण त्यानंतरही ती कामापुरतंच बोलली. पोरीचं नाव तर तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही.

"दाजी, बोला की कायतरी," सतरंजीवर शेजारी बसलेला मेव्हणा मघाशी म्हणाला.

मीही त्याच्याकडे बघून नुसता हसलो.