दाभोशाची दुरुस्ती

बावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसणं म्हणजे हसं करून घेणं. पण आमच्या पेपरच्या ऑफिसनं कळवलं, पत्रकारितेचा डिप्लोमा नाही तर वार्ताहराचं ओळखपत्रही नाही. जव्हारला माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. जव्हार-मोखाड्याच्या बातम्या पाठवणं हा जुना नाद. प्रकल्पाला विषय मिळाला अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या पेपरचा इतिहास. मोखाड्याचा इतिहास विचारला असता तरी मला घाम फुटला असता.

पुस्तक वाचायला घेतलं आणि डोक्याचा पार भुगा झाला. त्या पेपरनं शेजारचा पेपर गिळला आणि त्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. मालकांच्या घरात भांडणं झाली, संध्याकाळची आवृत्ती बंद पडली, छपाई दुसऱ्या गावी गेली, भलीमोठी इमारत विकली. तिथे म्हणे आता लोक राहतात. मालक नवा, जागा नवी, नाव अर्धं नवं. तरी लेखकाचं आपलं एकच, हा तोच पेपर. अरे, पण तोच कसा? मी दोनदा मागची पानं उलटून पाहिली. नाही उमगलं.

मग दुरुस्त्यांचं प्रकरण आलं. तो पेपर रोज ठरलेल्या जागी आपल्या चुका छापतो. एकदा तर जुन्या बातमीतलं चुकलेलं नाव, त्या माणसाच्या नातीनं कळवल्यावर, कित्येक वर्षांनी दुरुस्त केलं. तिथे मी पुस्तक मिटलं. मला आमच्याकडचं दाभोसा गाव आठवलं.

आमच्याकडे पाड्यांवर मुलाचं नाव बरेचदा जन्मवारावरून ठेवतात. दाभोशाला एकाच वारी जन्मलेले, एकाच आडनावाचे दोघे होते. बापाचं नाव तेवढं वेगळं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यातला एक नदीत वाहून गेला. दोघांचेही फोटो मीच कधीतरी काढलेले, दुकानातल्या कॉम्प्युटरवर होते. घाईत मी जिवंत माणसाचा पाठवला. बातमीत नाव मेलेल्याचं, बापाच्या नावासकट बरोबर. वर तोंड मात्र भलत्याचं. दुसऱ्याच दिवशी ते तोंड जीपनं दुकानात हजर, हातात पेपर.

"पेपरात येतं ता खरा, असा मास्तर सांगतो. मंग मी कोण रं?"

मी हात जोडले. ऑफिसला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "अहो, एवढ्याशासाठी कुठे दुरुस्ती छापायची? सोडून द्या." मी सोडून दिलं. आमच्याकडची रीतच ती: छापायचं पेपरनं, माफी मागत फिरायचं वार्ताहरानं. पुढे आठवडी बाजारात भेटला की तो म्हणायचा, "काय भाऊ, मेलेल्याला चहा पाजतोस ना?" मी हसून पाजायचो, पण मनातून लाज वाटायची.

पुस्तकानं ती लाज पुन्हा वर काढली. या खेपेला मी ऑफिसशी भांडलो, दुरुस्ती कबूल करून घेतली, मजकूर लिहून खिशात घातला आणि आता म्हातारा झालेल्या त्या जिवंत माणसाचा नवा फोटो काढायला दाभोशाला गेलो.

"माझा नको," तो म्हणाला. "माझा आला की एकदा. तिच्या माणसाचा छाप." आणि मला वाहून गेलेल्याच्या घरी, त्याच्या बायकोकडे घेऊन गेला. इतक्या वर्षांत मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. चूक झाली ती या म्हाताऱ्याच्या बाबतीत, एवढंच मी धरून बसलो होतो.

जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. म्हणून मी बाईंना विचारलं, यांचा फोटो आहे का? त्यांनी पत्र्याच्या पेटीतून माझ्याच बातमीचं कात्रण काढलं. फोटो मागे दुमडलेला, वर फक्त मजकूर. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नाव कुठल्या ओळीत आहे ते ठाऊक होतं. तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"हा माझा. त्याचा फोटो दुसरा नाय. तू आता नवीन छापशील, त्यात याचा नाव राहील ना रं?"

मी खिशातला कागद काढून वाचला. बापाच्या नावासकट जिवंत माणसाचं नाव होतं, झाल्या चुकीबद्दल दिलगिरी होती. मेलेल्याचं नाव मी लिहिलंच नव्हतं.