करडई न्हाली, मी पारोशीच

बायांनो, विटाळात असून मी आज पिकात शिरले!

करडईवर मावा पडलाय. आमचे मालक सकाळपासून तंबाखूचं पाणी शिंपडायलेत, पर गुळगुळीत पानावरनं थेंब घरंगळून मातीत जायलेत. मी शेतातल्या आखाड्यावर, खोपीपाशी बाजूला बसलेली. चौथ्या दिवसाच्या न्हाण्यासाठी रिठे भिजत घातले होते. तेच फेसाळ पाणी मी तंबाखूत ओतलं आन् कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपडलं. पान न् पान भिजलं, खालूनबी.

सासू वरडल्या, "विटाळानं पीक जळंल गं!"

"जळलं तर मला हितंच पुरा!"

सांजेला करडई हिरवीगार, मावा मेलेला.

निजामाच्या ह्या मोगलाईत सरकारपुढं बोलायची सोय न्हाई, मग घरातबी गपच बसू का? तुमीच सांगा, माझा विटाळ बाधला कुणाला? माव्याला!