शिवशंकर सरांचा चित्रातला कम्प्युटर

शिवशंकर सर मूळचे नायगावचे, नोकरी मात्र औशाजवळच्या शाळेत. तिथं त्यांना सगळे 'कम्प्युटर सर' म्हणतात. आता हा नुसता मान नव्हे बरं का, ढाल होती ढाल! कम्प्युटर ज्याच्याकडं, त्याच्याकडं दुपारच्या खिचडीचा चार्ज नाही. तांदूळ निवडून घ्या, डाळीतले खडे बघा, धुरात डोळे चोळत उभे राहा, यातलं काहीही सरांच्या इस्त्रीच्या शर्टाला कधी शिवलं नव्हतं.

अन् विद्या केवढी? तर जागा पाठ. "डावीकडं खालच्या कोपऱ्यात दाबायचं, मग वरून तिसरं." तिसऱ्या जागी लिहिलंय काय, ते सरांनी कधी वाचलं नाही अन् लेकरांनाही वाचू दिलं नाही.

यंदा कुणा दात्यानं शाळेला नवे कम्प्युटर दिले. त्यात सवयीची विंडोज नव्हती. लिनक्स नावाची निराळीच सिस्टीम होती. खालचा कोपरा रिकामा! मुख्याध्यापिका सौदामिनीबाई म्हणाल्या, "सर, सोमवारी सगळ्या स्टाफला ही सिस्टीम शिकवा. जमत नसेल तर सांगा, खिचडीला माणूस हवाच आहे."

"काय बाई! हा तर आपल्या डाव्या हातचा मळ हाय!"

डाव्या हाताला मळाचा ठिपकाही नव्हता, ते सोडा. पण एक गोष्ट सरांना झकास यायची, ती म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलणं. दर सव्वीस जानेवारीला तिरंगा तेच लावायचे. मग काय, शनिवारी संध्याकाळी त्यांनी जुन्या कम्प्युटरच्या पडद्याचा फोटो घेतला, पेनड्राइव्हमधून आणला अन् नव्या पडद्यावर चित्र म्हणून लावून टाकला. कोपरा आला, ओळखीच्या खुणा आल्या, सगळं जिथल्या तिथं! दाबल्यावर काही उघडत नव्हतं, पण सर म्हणाले, आधी दिसू तर द्या.

सोमवारी सकाळी स्टाफ जमला. सर छडी हातात घेऊन उभे.

"नवख्या माणसानं घाई करायची न्हाई. सिस्टीम नवी हाय, बुजते. दाबायचं अन् वाट बघायची. उघडलं न्हाई तर समजायचं, आपल्या बोटातच दम न्हाई."

खेळाच्या रेवणसिद्ध सरांनी दाबलं. परत दाबलं. "ओ सर, मघापासून कबड्डी कबड्डी करायलोय, गडी हातच लावू देईना की!"

"हळू दाबा! मैदान न्हाई हे."

"मैदानात निदान माती तरी लागती हाताला."

पोरासोरांसारखा सगळा स्टाफ हसला. सौदामिनीबाईंनी चष्मा चढवला अन् पडद्याला नाक लावलं.

"सर, ह्या घड्याळात शनिवारची तारीख आहे. अन् संध्याकाळ झालीय."

"ते... काल रविवार होता ना बाई. सुट्टीवरून आलं न्हाई अजून."

"चित्र आहे ना हे?"

सरांनी छडी कोपऱ्यात ठेवली.

"उद्यापासून खिचडी तुमच्याकडं."

"अन् कम्प्युटर?" सरांनी विचारलं.

बाईंनी सगळ्यांकडं नजर फिरवली. काय सांगू, एकजात सारे गुरुजन आपापल्या चपलांच्या अंगठ्याकडं बघू लागले! रेवणसिद्ध सर तर खिडकीतून मैदानच मोजायला लागले. मघाशी खो खो हसणाऱ्यांपैकी एकाचीही मान वर होईना.

"बरं," बाई म्हणाल्या, "मग तेही तुमच्याकडंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर स्वयंपाकाच्या शेडमध्ये नाकाला रुमाल लावून उभे होते. शिजवणाऱ्या चांगुणाबाईंनी गरम खिचडीची ताटली पुढं केली.

"वाढा की लेकरांना," सर म्हणाले.

"तसं न्हाई सर. आधी तुमी खायचं, मग लेकरांनी. इथला कायदाच हाय तसा."

दुसऱ्याला देण्याआधी स्वतः चाखून बघायची पाळी सरांवर अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच आली. अन् जीभ पोळली.