मायचा शेअर

पुराची सूचना देणारा भोंगा आता आमच्या खालच्या वस्तीत, समाजमंदिरावर आहे. पण तिथवर उतरायला त्याला एक पूर लागला, आणि ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

सुरुवात एका शब्दानं झाली. भोंगा कुठं बसवायचा हे ठरवायला तालुक्याहून निरोप आला, तशीच गावात दवंडी पिटली: ‘सर्व भागधारकांनी बैठकीस उपस्थित राहावे.’ ‘स्टेकहोल्डर’चं हे मराठी कुणा शहाण्यानं केलं, कुणास ठाऊक. म्हणायचं एवढंच होतं, की ज्यांना पुराचा फटका बसतो त्यांनी या. पण आमच्या औसा भागात भागधारक म्हणजे ज्याच्याकडे साखर कारखान्याचा शेअर आहे तो. हे शेंबड्या पोरालाही कळतं, तालुक्याच्या साहेबांना कळलं नाही.

माझी माय ओढ्याकाठच्या त्या वस्तीत एकटी राहते. नदी फुगली की ओढ्याचं पाणी मागं फिरतं आणि पहिलं तिच्याच उंबऱ्याला लागतं. मी औशाला शाळेत शिकवते. बैठकीसाठी मुद्दाम रजा टाकून गेले.

“चल माय, तुझ्यासाठीच बैठक हाय.”

“मी कशाला येऊ? माझा कुठं शेअर हाय?”

“अगं, तसला शेअर न्हाई!”

“दवंडीत भागधारक म्हणलेत. बहिरी न्हाई मी,” असं म्हणून ती भाकरी थापायला बसली. शेजारणीही तेच म्हणाल्या. अख्ख्या वस्तीतून एक माणूस हललं नाही.

ग्रामपंचायतीत मात्र ऊसवाले झाडून हजर! सगळे वरच्या आळीचे, ज्यांच्या दारात पाणी कधी चढलंच नाही. साहेबांनी नकाशा उलगडला तोच पहिला प्रश्न आला, “सभासदांची साखर कवा वाटणार हाय?”

मी उठून म्हटलं, “साहेब, ही माणसं कारखान्याची बैठक समजून आलीत. ज्यांनी यायला पाहिजे ते घरी बसलेत.”

“बाई, लोकसहभाग चांगला आहे. मध्येच बोलू नका,” साहेब म्हणाले आणि फोटो काढून घेतला.

मग हात वर करून ठरलं, भोंगा वरच्या आळीतल्या विकास सोसायटीच्या गच्चीवर. गावातली सगळ्यात उंच जागा! मी ओरडले, पाणी खालून येतं हो. तर पुढच्या खुर्चीतले ऊसवाले आप्पा म्हणाले, “बहुमत हाय, बाई.” आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. मी कपाळावर हात मारून घेतला.

चाचणीच्या दिवशी मी मायच्या दारात उभी राहिले आणि वरच्या आळीला फोन लावला, “वाजला का?”

“कानठळ्या बसल्या की!”

मला फक्त शेजारच्या शेळीचं ओरडणं ऐकू आलं. हे मी तालुक्याला कळवलं. तिथून ‘पाहतो’ असं उत्तर आलं.

भादव्यात पावसानं झोडपायला सुरुवात केली. एका दुपारी नदी चढली आणि भोंगा वाजला म्हणे. माय खाली अंथरुणावर पडली होती. पाठ ओली झाली तेव्हा तिला जाग आली. शेजारणीनं हाताला धरून तिला गुडघाभर पाण्यातून गावच्या शाळेपर्यंत ओढत नेलं. मी जीपनं पोचले तेव्हा ती ओल्या लुगड्यात व्हरांड्यात कुडकुडत बसली होती. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. साहेबांचा, गावाचा, आणि शेअर नाही म्हणून घरी बसणाऱ्या मायचाही. आधी पोटाशी धरली आणि मग तिलाच रागावले.

पाणी ओसरल्यावर पुन्हा बैठक लागली. दवंडीत पुन्हा तेच, ‘भागधारक’! मी कुणाला समजावायच्या भानगडीतच पडले नाही. माय आपणहून उठली, अंबाडा बांधला आणि थेट पुढच्या खुर्चीत जाऊन बसली. तिच्या मागून सगळी वस्ती आली.

शेजारच्या खुर्चीतल्या आप्पांना हसू आलं. “काय मावशी, तुमचा किती शेअर हाय?”

माय उभी राहिली. लुगडं जरासं वर धरून तिनं गुडघ्यावर बोट टेकवलं.

“हितवर.”